खिशातला चाकू: साधा की दातेरी? अन् पुण्यात चालतो का?

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाताना बऱ्याच जणांच्या खिशात घडीचा चाकू असतो. फळ कापायला, कलमाची काडी छाटायला साधं पातं बरं. बोथट झालं की दगडावर घासून धार येते. नायलॉन दोरी, बारदान दातेरी पात्यानं पटकन कापतं, पण त्याला पुन्हा धार लावणं किचकट. एकच घ्यायचा तर साधाच घ्या.

आता कायदा. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती अन् शेतीची अवजारं वगळलीत. मात्र शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला, तर छोटा चाकूही अडचणीत आणू शकतो. सणावारी, निवडणुकीत असे आदेश निघतात. तेव्हा पुण्याला निघताना खिसा तपासा, चाकू घरीच ठेवा.