विहिरीवरचं इंजिन आणि त्याची गळती

शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक १९२१ साली एका पुस्तकाचा विषय झालं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य राहिलेले डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी गावची जमीन, पिकं, मिळकत, कर्ज यांचा बारकाईनं हिशेब मांडला होता. त्यातून दिसलं ते कोरडवाहू शेतीचं, बेभरवशाच्या पावसाचं आणि कर्जानं वाकलेलं गाव. भीमा आणि घोड या नद्या उशाला असूनही शिरूर-दौंडचा बराच भाग पर्जन्यछायेतला. मुठेचा कालवा खडकवासल्याहून निघून दौंडातल्या पाटसपर्यंत पोचला होता, पण पाटाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांना त्याचा उपयोग शून्य. त्यांचं पाणी विहिरीत, आणि वर यायचं ते मोटेनं.

मोटही गळायची. चामडं उन्हानं तडकायचं, शिवण उसवायची आणि धावेवरून बैल खाली पोचेपर्यंत निम्मं पाणी पुन्हा विहिरीत. मोट शिवायला गावचा चांभार असे, चाक-कणा बघायला सुतार. दोघेही बलुतेदार. दुरुस्तीचे पैसे त्या दिवशी मोजायचे नसत, सुगीला खळ्यावर धान्य घालायचं. या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि मोबदला बलुतेदाराच्या हातात नव्हता, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक खरं, पाणी उपसायचं साधन बिघडलं तर ते नीट करणारा माणूस वेशीच्या आतच होता.

इंजिन आलं आणि हा हिशेब मोडला.

इंग्लंडात डर्स्ली इथल्या लिस्टर कंपनीनं १९३०च्या सुमारास एक सिलिंडरचं, दोन जड चाकांचं, मिनिटाला सहाशे फेरे घेणारं पाच अश्वशक्तीचं इंजिन बाजारात आणलं. अडाण्याच्या हातीही टिकेल असं हे यंत्र पुढे हिंदुस्थानभर पसरलं, आणि राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या नकला इतक्या काढल्या की ‘लिस्टर टाइप’ ही एक जातच झाली. महाराष्ट्रात साताऱ्याला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं १९३०च्या दशकात डिझेल इंजिन बनवलं. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. तिचं ‘एव्ही-वन’ हे पंधराशे फेऱ्यांचं इंजिन लिस्टरच्या मानानं आटोपशीर. शेतकऱ्यांनी सरळ दोन गट पाडले, लो स्पीड आणि हाय स्पीड.

पैसा कुठून आला? विहिरीसाठी तगाई देण्याची सोय १८८३च्या जमीन सुधारणा कर्ज कायद्यापासून होती. सावकारांविरुद्धचं १८७५चं बंड याच भागातल्या भीमथडी तालुक्यात, सुप्याला पेटलं होतं, त्यामुळे सरकारी कर्जाचं महत्त्व इथे वेगळं सांगायला नको. पुढे भूविकास बँकेनं इंजिनासाठीही कर्ज दिलं. म्हणजे विहिरीवर जे टुकटुकत होतं ते बऱ्याचदा सातबारावरचा बोजा होतं, आणि त्यातून ठिबकणारं तेल रोखीनं आणलेलं.

दुरुस्तीही आता रोखीची. इंजिनाला बलुतेदार नव्हता. मिस्त्री तालुक्याहून आणायचा, नाहीतर इंजिन बैलगाडीत घालून त्याच्याकडे न्यायचं. दौंडला हे तसं सोपं होतं. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाल्यापासून ते जंक्शन होतं आणि वाफेच्या इंजिनांचं शेड तिथे होतं. दांड्याभोवती पॅकिंग भरून वाफ अडवणारा फिटर या गावाला नवा नव्हता. शिरूर मात्र घोडनदीकाठची जुनी छावणी आणि बाजारपेठ, तिथे रेल्वे आलीच नाही. ते पुणे-नगर रस्त्यावर, ट्रकच्या रहदारीच्या बळावर वाढलं.

गळतीशी मिस्त्र्यांची झटापट ऐकण्यासारखी असते. नवशिका काय करतो? जिथे तेल दिसतं तिथला नट आवळतो. पत्र्याचं झाकण असेल तर नटाच्या भोकाभोवती ते आत दबतं, दोन नटांच्या मध्ये फुगतं आणि गळती वाढते. मग कॉर्कचं पॅकिंग बदललं जातं, त्याला शेलॅक फासलं जातं. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी तेल दुसऱ्याच सांध्यातून.

मुरलेला मिस्त्री आधी इंजिन रॉकेलनं स्वच्छ धुतो. कोरडं झालं की त्यावर खडूची पूड किंवा चाळलेली राख भुरभुरतो आणि दहा मिनिटं चालवतो. फिरत्या चाकाचा वारा तेल मागे फेकतो, जड असल्यानं ते खाली ओघळतं. म्हणून डबकं कुठे साचलंय याला किंमत नाही. पुडीवर सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जी पहिली ओली रेघ उमटते, ती खरी.

पण रेघ सापडली म्हणजे कारण सापडलं असं नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या चेंबरमधली हवा दाबली जाते. लिस्टरवाल्यांनी त्यासाठी ब्रीदरमध्ये एक पातळ पट्टी बसवली. ती हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. त्यामुळे चेंबरमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो आणि सांधा थोडा ढिला असला तरी तेल बाहेर यायच्या ऐवजी हवाच आत ओढली जाते. ही पट्टी चिकट काजळीनं अडकली की सगळं उलटं होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, वरचा जळका वायू खाली उतरू लागला, तरी तेच. दाब वाढतो आणि तेल सर्वांत कच्चा सांधा शोधतं. तिथे नवं पॅकिंग घालणं म्हणजे त्याला पुढचा सांधा दाखवणं. परीक्षा साधी आहे. इंजिन चालू असताना तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढायचं. भकाभका धूर आला आणि गळती मंदावली, तर पाना ठेवून द्यायचा. आधी ब्रीदर साफ करायचा. तरी धूर राहिला, तर दुखणं रिंगांत.

त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे बाहेर तेल ओघळतंय आणि तेल मोजायच्या पट्टीवर मात्र पातळी चढतेय. मालक खूश, कारण तेल घालावं लागत नाही. प्रत्यक्षात चेंबरवर बसवलेल्या पंपातून डिझेल आत उतरत असतं. ते तेलाला पाण्यासारखं पातळ करतं, आणि पातळ तेल जिथून घट्ट तेल जाणार नाही तिथूनही निसटतं. बेअरिंग जाईपर्यंत हे कळलं नाही तर खर्च कितीतरी पटीनं वाढतो.

दौंड तालुक्यात केडगाव-यवतच्या पट्ट्यातल्या गुऱ्हाळांनी इंजिनांचे फार हाल केले. हंगामात चरक तासन्‌तास चालणार, हवेत चिपाडाचा भुसा, पट्ट्याची ओढ सतत एकाच बाजूला. या ओढीनं क्रँकचं बेअरिंग एकीकडे झिजतं, क्रँक किंचित डगमगतो आणि त्याच्या टोकाशी बसवलेलं ऑइल सील कितीही नवं असलं तरी तेल धरत नाही. रबरी सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासून पोलादावरही खाच पाडते. रबर पोलादाला कापतं हे पटत नाही, पण कडेला रुतलेली धूळ ते काम करते. यावर दोन उपाय रूढ आहेत. सील एखाद-दोन मिलीमीटर सरकवून कोऱ्या जागेवर बसवायचं, नाहीतर लेथवर पातळ बुश करून खाचेवर चढवायचा.

विजेच्या मोटारी आल्या तशी विहिरीवरची इंजिनं मागे पडली. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या तारा वस्त्यांपर्यंत गेल्या. मोटार ना तेल पिते ना गाळते. इंजिन मग गोठ्यामागे पडून राहिलं, कुठे भारनियमनात पुन्हा बाहेर निघालं.

इंजिनांचा धंदा मात्र या भागातून गेला नाही, उलट मोठा झाला. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावला, महागणपतीच्या गावाशेजारच्या एमआयडीसीत, फियाट आणि टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यानं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन बनवलं. ते अनेक भारतीय मोटारींत बसलं आणि २०२०च्या बीएस-सहा नियमांबरोबर थांबलं. अशा इंजिनांत ब्रीदरचा वायू उघड्यावर न सोडता नळीनं परत हवेच्या वाटेवर घेतात. ती वाट काजळीनं तुंबली की आधी सील ओलं होतं, आणि गॅरेजवाला आधी सीलच बदलतो.

चेंबरच्या सांध्याला आता कॉर्क क्वचितच असतो, नळकांडीतल्या सिलिकॉनची बारीक ओळ पुरते. ‘जास्त लावलं तर जास्त धरेल’ या हिशेबानं ते थापलं, की नट आवळताना निम्मं आतल्या बाजूला दबतं, सुटून तेलात पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. तेल गळायचं थांबलेलं असतं, पण ते बेअरिंगपर्यंतही पोचत नाही. मग चेंबर पुन्हा उतरवायचा, जाळी साफ करायची आणि दोन्ही कडा खरवडून ओळ नव्यानं द्यायची.