बेअरिंगच्या सीलची कुळकथा

बेअरिंगचे सील म्हणजे फिरणारा शाफ्ट आणि त्याच्याभोवतीचे स्थिर घर यांच्यामधली फट राखणारा भाग. त्याच्याकडे दोन कामे असतात: आतले वंगण आत ठेवणे आणि बाहेरची धूळ, पाणी, चिखल बाहेर ठेवणे. पहिले काम फसले की तेल गळताना दिसते, म्हणून गॅरेजात त्याला ‘ऑइल सील’ हेच नाव पडले. बेअरिंगचे आयुष्य मात्र दुसऱ्या कामावर जास्त अवलंबून असते. छर्रे आणि ते ज्या कड्यांवर धावतात त्या ‘रेस’ यांच्यामधला तेलाचा थर एका मायक्रोनच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही पातळ असतो. रस्त्यावरच्या धुळीचा कण त्याच्या कितीतरी पट जाड. असा एक कण छर्र्याखाली चिरडला की रेसवर बारीक खळगा पडतो आणि पुढे त्या खळग्याच्या कडेपासून पोलाद सोलवटू लागते.

वेग कमी होता तोवर सीलवाचून अडले नाही. बैलगाडीचा तुंबा आसावर घासत फिरे, वंगण पाझरून जाई आणि गाडीवान गाडीला टांगलेल्या नळ्यातून ते पुन्हा भरी. या पाझरण्याचा एक फायदाही होता: बाहेर येणारे वंगण धुळीलाही बाहेर ढकलत असे. ट्रॅक्टरच्या अवजारांना निपलमधून ग्रीस मारताना जुने, काळे ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत पंप दाबायचा, ही आजची पद्धत त्याच तत्त्वावर चालते.

वाफेच्या इंजिनाने हा निवांतपणा संपवला. पिस्टनचा दांडा सिलिंडरच्या झाकणातून आतबाहेर सरकतो, आणि तिथून वाफ निसटली तर ताकदच निसटते. म्हणून दांड्याभोवती एक पेटी करून तिच्यात चरबीत भिजवलेली तागाची दोरी ठासत आणि वरून नट आवळत. दोरी जितकी आवळावी तितकी फट कमी आणि घर्षण जास्त, असा हा सरळ व्यवहार होता. त्यातून पहिली वाट जोसेफ ब्रामाच्या हायड्रॉलिक प्रेसमध्ये निघाली. १७९५च्या या प्रेसमध्ये पाण्याचा दाब इतका होता की ठासलेली दोरी पुरेना. ब्रामाच्या कारखान्यातला तरुण कारागीर हेन्री मॉडस्ले याने चामड्याचे, कडा वळवलेले कडे बसवले. आतला दाब वाढला की तोच चामड्याची कड दांड्यावर दाबतो, दाब उतरला की कड सैल पडते. सीलने आपला जोर स्वतः न आणता यंत्राकडून घ्यावा, ही कल्पना तिथून आली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक सीलमध्ये ती कमीअधिक प्रमाणात आहे.

ठासलेली दोरी मात्र संपली नाही. किर्लोस्करवाडीला १९२०च्या दशकात सेंट्रिफ्यूगल पंप बनू लागले आणि महाराष्ट्राच्या विहिरींवर ‘ग्लँड दोरी’ हा शब्द घरोघरचा झाला. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे दोरी ठासलेल्या पेटीतून, पाण्याचे थेंब पडत राहिले पाहिजेत, हे जाणता फिटर पहिल्या दिवशीच सांगतो. ती गळती वाया गेलेली वाटते, पण दोरी आणि शाफ्ट यांच्यामधले वंगण तेच पाणी असते. थेंब पूर्ण थांबेपर्यंत नट आवळला तर दोरी जळते आणि शाफ्टच्या स्लीव्हवर चरे पडतात. चांगले सील पूर्ण कोरडे नसते, ही गोष्ट फिटरला ठाऊक होती. ती रबरी सीललाही लागू आहे, हे कळायला विज्ञानाला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

दरम्यान स्पर्शच नको असे म्हणणारी एक वेगळी शाखा फुटली. चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये वाफेचे टर्बाइन बनवले. त्याच्या वेगाला कोणतीही दोरी किंवा चामडे टिकणे शक्य नव्हते. त्याने शाफ्टवर आणि घरात एकमेकांत शिरणाऱ्या, पण एकमेकांना न टेकणाऱ्या कड्यांची रांग केली. वाफेला या वळणावळणांतून जाताना प्रत्येक कड्यापाशी दाब गमवावा लागतो. याला लॅबिरिंथ सील, म्हणजे चक्रव्यूह सील म्हणतात. घर्षण नाही, झीज नाही. थोडी गळती मात्र गृहीत. लेथ आणि मिलिंग मशीनच्या वेगवान स्पिंडलसाठी आजही हीच शाखा वापरतात.

छर्र्यांच्या बेअरिंगचा प्रसार झाल्यावर प्रश्नाचे रूप बदलले. स्वेन विंगक्विस्ट या स्वीडिश अभियंत्याने १९०७ मध्ये कापड गिरणीच्या लांब शाफ्टसाठी स्वतःहून कोन सांभाळणारे बेअरिंग काढले आणि एसकेएफ कंपनीचा पाया घातला. अशा बेअरिंगला वाफेचा किंवा पाण्याचा दाब अडवायचा नव्हता. थोडेसे ग्रीस राखायचे आणि गिरणीतली कापसाची धूळ अडवायची होती. त्यासाठी तेलात भिजवलेल्या लोकरी फेल्टचे कडे घराच्या खाचेत बसवत. फेल्ट स्वस्त आणि निरुपद्रवी, पण वेग वाढला की ते करपते आणि पाण्यात फुगते. मोटारगाडीच्या चाकांना ते पुरेना.

पुढचे पाऊल अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चामड्याच्या धंद्यातल्या लोकांनी टाकले. शिकागो रॉहाइड ही १८७८ची कंपनी, कच्च्या चामड्याचे यंत्रपट्टे बनवणारी. १९२०च्या दशकाअखेरीस ती मोटारींसाठी चामड्याचे शाफ्ट सील बनवू लागली. जर्मनीत वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या घराण्याच्या कारखान्यात त्याच सुमारास वाल्थर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या कल्पनेवरून असेच सील निघाले: पत्र्याच्या घरात बसवलेली चामड्याची कड आणि तिच्यावर गोल गुंडाळलेली स्प्रिंग. ‘झिमररिंग’ हे त्याचे नाव जर्मनीत आजही ऑइल सीलला सरसकट वापरतात. घर, ओठासारखी लवचीक कड (कारागिरांच्या भाषेत ‘लिप’) आणि स्प्रिंग ही त्रयी तेव्हा ठरली ती ठरली.

चामड्याची उणीव लवकरच दिसली. ते उष्णतेने कडक होते, त्याची जाडी सारखी नसते आणि प्रत्येक तुकडा वेगळा वागतो. नैसर्गिक रबर साच्यात हवे तसे घडते, पण खनिज तेलात फुगून विरघळू लागते. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आय.जी. फार्बेनच्या रसायनज्ञांनी, त्यांत एरिश कोनराड आणि एडुआर्ड चुन्कुर हे प्रमुख, ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल यांच्यापासून तेलात न फुगणारे रबर काढले. हेच आजचे नायट्राइल रबर. १९३६च्या सुमारास फ्रॉयडेनबर्गने चामड्याची कड काढून अशा कृत्रिम रबराची बसवली. सीलच्या इतिहासातला मोठा पल्ला आकाराने नव्हे, तर या रबराने गाठला, असेच म्हणावे लागते. जास्त उष्णतेसाठी फ्लुओरो रबर १९५०च्या दशकाअखेरीस बाजारात आले. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, फ्लुओरो रबर २०० अंशांपर्यंत.

रबरी लिप दिसायला साधी, पण तिची भूमिती मुद्दाम वाकडी असते. शाफ्टला टेकणारी धार अगदी अरुंद, मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी. तेलाच्या बाजूचा उतार तीव्र, साधारण ४० ते ५० अंशांचा. हवेच्या बाजूचा उतार सौम्य, २० ते ३० अंशांचा. स्प्रिंगही धारेच्या बरोबर वर नसते, हवेच्या बाजूला किंचित सरकवलेली असते. त्यामुळे धारेखालचा दाब तेलाच्या बाजूला एकदम चढतो आणि हवेच्या बाजूला हळूहळू उतरतो.

असे का करावे लागते, याचे उत्तर हाताच्या अनुभवानंतर कित्येक वर्षांनी मिळाले. ब्रिटनमध्ये ई. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये दाखवले की चालू सीलची लिप शाफ्टला टेकलेली नसतेच. मध्ये तेलाचा सलग पातळ थर असतो, साधारण एका मायक्रोनच्या घरातला. मग तेल गळत का नाही? पुढच्या दोन-तीन दशकांत जपानी आणि जर्मन संशोधकांनी याचा छडा लावला. शाफ्ट फिरताना रबराच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे फिरण्याच्या दिशेने ओढले जातात. दाब दोन्ही बाजूंना विषम असल्याने त्यांचा तिरकेपणाही विषम होतो आणि ते पंपाच्या पात्यांसारखे वागतात: हवेकडून तेलाकडे ढकलतात. याची खातरजमा सोपी आहे. सील उलटे बसवून हवेच्या बाजूला तेल भरले, तर ते धारेखालून उपसून पलीकडे जाते. म्हणजे सील केवळ बंद झाकण नाही, तो एक अतिशय मंद पंपही आहे. उलटे बसवलेले नवे कोरे सील पहिल्याच दिवशी का गळते, याचे कारणही हेच.

या शोधाने शाफ्टकडे पाहण्याची नजर बदलली. शाफ्ट जितका गुळगुळीत तितका चांगला, हा समज मागे पडला. फार गुळगुळीत पृष्ठावर तेल धरून राहत नाही आणि लिप जळते. फार खरबरीत पृष्ठ लिप खाते. खरबरीतपणा साधारण ०.२ ते ०.८ मायक्रोनमध्ये हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पृष्ठावर आटेदार रेषा नकोत. लेथवर टूल पुढे सरकत गेल्याने उमटलेली रेषा डोळ्यांना दिसत नाही, पण फिरताना ती स्क्रूसारखी तेल बाहेर खेचते. म्हणून सीलची जागा ग्राइंडिंगचे चाक पुढेमागे न सरकवता, सरळ आत दाबून घासतात. २५ मिलिमीटरचा शाफ्ट मिनिटाला ५,००० फेऱ्या घेत असेल तर लिपखालचा वेग सेकंदाला साडेसहा मीटर होतो. एवढ्या वेगाला पृष्ठ कडक केलेले असावे लागते. तरीही मऊ रबर कडक पोलादाला खाते. रबरात रुतलेली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते आणि शाफ्टवर वर्तुळाकार खाच पडते. त्यावर नवे सील घातले तरी गळती थांबत नाही. गॅरेजवाले सील दोन मिलिमीटर आतबाहेर बसवून लिपला कोरी जागा देतात; पद्धतशीर उपाय म्हणजे शाफ्टवर ०.२८ मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह चढवणे.

म्हैसूरमध्ये सीलचे हे शास्त्र हजारो लोकांच्या परिचयाचे झाले ते एका मोटरसायकलमुळे. यादवगिरीतल्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या आराखड्यावरची २५० सीसी जावा बनू लागली. पुढे १९७३ पासून ती येझदी नावाने निघाली आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबले. हे इंजिन टू-स्ट्रोक होते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, तेल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते. पिस्टन वर जाताना तिथे पोकळी होते, खाली येताना दाब. क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची सीलं त्यामुळे केवळ तेल राखणारी नसतात. ती इंजिनाच्या श्वासाचा भाग असतात. दर फेरीला त्यांच्यावर एकदा बाहेर ढकलणारा दाब आणि एकदा आत खेचणारी ओढ येते, आणि वर पेट्रोलशी कायमचा संबंध.

जावाची डावी बाजू प्रायमरी चेनची, उजवी डायनमोची. डावीकडचे सील गेले की क्रँककेस चेनकेसमधले गिअर ऑइल ओढून घेते. बाहेर एक थेंबही दिसत नाही, तेलाची पातळी मात्र उतरते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो आणि प्लग ओला होतो. उजवीकडचे गेले तर तिथून नुसती हवा आत येते, मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, मोकळे सोडल्यावरही आरपीएम उतरत नाही आणि शेवटी पिस्टन धरतो. लक्षणावरून बाजू ओळखण्याची ही विद्या पुस्तकात नव्हती. ती म्हैसूर, बंगळूर, पुण्याच्या टू-स्ट्रोक मिस्त्रींनी कमावली, आणि जुन्या येझदी सांभाळणाऱ्यांना ती आजही लागते.

मालमोटारींचा प्रश्न वेगळा होता. पुण्याच्या कल्याणी समूहाने अमेरिकेच्या रॉकवेल इंटरनॅशनलच्या भागीदारीत १९८१ मध्ये म्हैसूरला ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कंपनी स्थापली. हूटगळ्ळी औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कारखान्यात ट्रकचे ड्राइव्ह ॲक्सल आणि ब्रेक बनतात. ॲक्सलमध्ये दोन जागा नाजूक: प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो ते पिनियनचे टोक आणि चाकाचा हब. हबचे सील गेले तर तेल थेट ब्रेकच्या लायनिंगवर जाते, म्हणजे एका स्वस्त वस्तूवर गाडीचे थांबणे टांगलेले. शिवाय बाहेरून पावसाळ्यातला चिखल. एका लिपने हे भागत नाही. मुख्य लिपच्या बाहेर धूळ अडवणारी दुसरी लिप येते आणि दोघींमधल्या पोकळीत ग्रीस भरतात. त्याहून पुढे कॅसेट सील: त्यात लिप ज्या पृष्ठावर घासते तो पत्राही सीलबरोबरच येतो, त्यामुळे शाफ्टवरची खाच हा प्रश्नच निकालात निघतो. वाटेत लिपांचा छोटा चक्रव्यूह असतो. पार्सन्सची शाखा आणि झिमरची शाखा इथे एकाच घरात नांदतात.

तिसरी परंपरा बेअरिंगच्या आतल्या सीलची. बेअरिंगच्या दोन रेसमधल्या फटीतच झाकण बसवायचे, कारखान्यात मोकळ्या जागेच्या पाव ते तृतीयांश भागात ग्रीस भरायचे आणि मग ते आयुष्यभर उघडायचे नाही. पत्र्याचे झाकण आतल्या रेसला टेकत नाही. दुकानात असे बेअरिंग ‘झेड-झेड’ म्हणून मिळते. रबरी लिपचे झाकण टेकते, ते ‘टू-आर-एस’. पहिले वेगाला चांगले, दुसरे धुळीला. छताच्या पंख्याला पत्रा पुरतो, मोटरसायकलच्या चाकाला रबर लागते. लिप टेकली की उष्णता आली, म्हणून टू-आर-एसची वेगमर्यादा त्याच आकाराच्या उघड्या बेअरिंगपेक्षा बरीच कमी असते. ग्रीस जास्त भरले तरी तेच होते: छर्रे ते घुसळत बसतात आणि बेअरिंग तापते.

एसकेएफने १९९० मध्ये शिकागो रॉहाइड विकत घेतली आणि बेअरिंगवाले व सीलवाले एका घरात आले. भारतात तिचे बेअरिंग चिंचवडला १९६०च्या दशकापासून बनतात. सीलचा कारखाना म्हैसूरला आहे. सीलच्या आराखड्याचे काम आता मुख्यतः घर्षण कमी करण्याचे आहे. चाकाच्या बेअरिंगमध्ये होणाऱ्या एकूण घर्षणात छर्र्यांपेक्षा सीलचा वाटा पुष्कळदा मोठा असतो, म्हणून लिप पातळ करतात, स्प्रिंग वगळतात, धारेचा भार उतरवतात. विजेच्या गाड्यांच्या मोटरमध्ये वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या पुढे जातो. तिथे टेकणारी लिप शक्यतो टाळतात आणि रेसच्या खाचेत न टेकता शिरणारी रबरी कड वापरतात.