पैसे घेताना सही करायची सवय

मनीऑर्डर ज्यांनी पाहिली आहे त्यांनी जरा आठवून बघा. पोस्टमन ओट्यावर टेकायचा, फॉर्म पुढे करायचा, आधी सही घ्यायचा आणि मग नोटा मोजून हातात ठेवायचा. सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला शेजारच्या कुणाची तरी साक्ष. पैसे घेणाऱ्याने सही करायची, हा आपल्याकडचा नियम.

जुना सोफा, फ्रीज, सायकल ऑनलाइन विकायला काढली आणि उलट आपल्याच खात्यातून पैसे गेले, अशी प्रकरणं गेली काही वर्षं मी बातमीदार म्हणून लिहितोय. शिकलेली माणसं यात कशी फसतात, असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं. मला त्याचं एक उत्तर या जुन्या सवयीत सापडतं. म्हणून आज थोडा इतिहास. पोस्ट लांब आहे, पण घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा.

आपल्या देशात पोस्टाची व्ही.पी. १८७७ मध्ये सुरू झाली आणि मनीऑर्डर १८८० मध्ये. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याने पैसे पाठवायचे आणि कोकणातल्या, साताऱ्याकडच्या घरी त्यावर चूल पेटायची, असं पिढ्यान् पिढ्या चाललं. तेव्हा पैसे आले की सही, हे डोक्यात बसलं. त्यात भर पडली पावतीची. रक्कम मोठी असेल तर रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही, तीही घेणाऱ्याचीच. बँकेच्या काउंटरवर स्वतःचे पैसे काढायला गेलात तरी स्लिपवर सही तुमचीच. शंभर-सव्वाशे वर्षं आपण हेच शिकलो.

आता दुसरी बाजू. लांबच्या माणसाशी व्यवहार करताना पूर्वी धोका कुणाला होता? घेणाऱ्याला. मासिकात घड्याळाची, रेडिओची जाहिरात बघून व्ही.पी. मागवायची, पैसे भरून ती सोडवायची आणि पार्सल उघडलं तर आत दगड, असे किस्से आपल्याकडे पुष्कळ आहेत. विकणारा मात्र निवांत असायचा. जनावरांच्या बाजारातही तेच. सौदा रुमालाखाली बोटांनी होवो की तोंडी, नोटा हातात पडल्याशिवाय विकणारा कासरा सोडत नाही. त्यामुळे ‘मी तर विकतोय, माझं काय जाणार?’ असं आपण आजही गृहीत धरतो.

विकणाऱ्याला लुटायची युक्ती आधी परदेशात रुळली. अमेरिकेत १९९५ मध्ये ईबे आणि क्रेगलिस्ट सुरू झाल्या आणि घरातली जुनी वस्तू अनोळखी माणसाला विकणं सोपं झालं. त्यामागोमाग खोट्या चेकचा धंदा आला. वस्तूच्या किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवायचा, ‘चुकून जास्त गेले, वरचे परत करा’ म्हणायचं. विकणारा वरचे पैसे पाठवून द्यायचा आणि काही दिवसांनी बँक सांगायची की चेक बोगस होता. हा प्रकार लक्षात ठेवा, तो आपल्याकडेही येणार आहे.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम २००० मध्ये आलं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं. पुढे ओएलएक्स, क्विकर घराघरात पोचले. पण बरीच वर्षं व्यवहार शेवटी समोरासमोरच व्हायचा. माणूस घरी यायचा, वस्तू ठोकून-वाजवून बघायचा, रोख द्यायचा.

२०१५ मध्ये पोस्टाने जुनी कागदी मनीऑर्डर बंद केली. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय सुरू झालं. ८ नोव्हेंबरला नोटबंदी, ३० डिसेंबरला भीम ॲप. म्हणजे सही करून पैसे घेणारी पिढी दोन वर्षांच्या आत मोबाइलवर पैसे घ्यायला लागली. यूपीआयमध्ये नियम बरोबर उलटा आहे. पैसे घेणाऱ्याने काहीच करायचं नसतं. पिन म्हणजे आपली सही, आणि ती लागते पैसे देताना किंवा आपली शिल्लक बघताना. हा उलटा नियम आपल्याला कुणी नीट बसून समजावलाच नाही. भामट्यांना तो पहिल्या दिवशी समजला.

यूपीआयमध्ये ‘पैसे मागायची’ एक सोय होती. समोरचा तुमच्या मोबाइलवर मागणी पाठवणार, तुम्ही पिन टाकला की पैसे त्याच्याकडे. भामटा फोनवर म्हणायचा, ‘साहेब, मी पैसे पाठवलेत, तुम्ही फक्त मंजूर करा.’ मनीऑर्डरवर सही केलेल्या माणसाला यात वावगं काय वाटणार? पैसे आलेत, सही करायची!

ही मागणी संशयास्पद ठरायला लागली तसा क्यूआर कोड आला. पद्धत ठरलेली. आधी ‘पाच रुपयांचा कोड पाठवतो, स्कॅन करून बघा.’ तुमचे पाच जातात आणि तो खरंच लगेच दहा परत पाठवतो. विश्वास बसला की मोठ्या रकमेचा कोड. पैसे गेले की ‘अरेरे, काहीतरी चुकलं, परत करतो’ म्हणून आणखी एक कोड. ते दहा रुपये त्याने वेगळे पाठवलेले असतात, कोडमधून तुमच्याकडे कधीच काही येत नाही.

आणि बोलणारा बहुतेक वेळा ‘फौजी’. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, ‘बदली झाली आहे, सामान न्यायला गाडी पाठवतो.’ आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. तिथे फौजीवर संशय घेणं जिवावर येतं. नेमका तोच आदर हे लोक वापरतात.

या धंद्याची मुळंही जुनी आहेत. हरियाणा-राजस्थानच्या सीमेवरच्या मेवात पट्ट्यात ‘टटलू’ नावाची फसवणूक पूर्वीपासून प्रसिद्ध. घर खणताना सोन्याची वीट सापडली, स्वस्तात देतो, असं सांगून गिऱ्हाईक बोलवायचं आणि पितळ गळ्यात मारायचं किंवा सरळ लुटायचं. त्यातल्या काही टोळ्यांनी पुढे विटेच्या जागी मोबाइल घेतला. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यात हजारो पोलीस घेऊन १४ गावांवर एकाच वेळी छापे घातले, इतका हा पसारा. अख्ख्या भागाला चोर म्हणायचं कारण नाही, पण धंदा नवा नाही एवढं कळावं.

फसणारे कोण? फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे जुना सोफा विकताना ३४ हजार रुपये गेले. युक्ती हीच, क्यूआर कोडची. तेव्हा ‘शिकलेले फसत नाहीत’ हे डोक्यातून काढून टाका.

सरकारी यंत्रणा जागी झाली, पण सावकाश. पैसे मागायच्या सोयीला आधी २,००० रुपयांची मर्यादा आली. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवणं बंदच झालं. चांगलं झालं. पण क्यूआर कोड आहेच. पैसे गेल्याचे खोटे स्क्रीनशॉट दाखवणारे बनावट ॲप आहेत. आणि तो अमेरिकेतला चेक आता एसएमएस होऊन आलाय. बँकेसारखा दिसणारा मेसेज येतो, ‘१५,००० जमा’. मग फोन, ‘दीड हजार पाठवायचे होते, एक शून्य जास्त पडलं, बाकीचे परत करा, आई दवाखान्यात आहे.’ खात्यात आलेलं काहीच नसतं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते पुढचं. आमच्या तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक वॉशिंग मशीन विकायला गेले आणि ३८ हजार घालवून बसले. बँकेत गेले तर उत्तर मिळालं, ‘पिन तुम्हीच टाकलाय.’ नियमही त्याच बाजूचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवण्याची वेळ हाच सगळा खेळ. आणि सरांनी दोन दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही. मुलं काय म्हणतील, ही लाज. तोवर पैसे तीन-चार भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेले होते.

ही भाड्याची खाती आपल्यासारख्याच गावांतल्या पोरांची असतात, हेही लक्षात घ्या. ‘खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार देतो’ म्हणणाऱ्याला पासबुक आणि एटीएम कार्ड देणारा पोरगा गुन्ह्यात अडकतो, मूळ भामटा नामानिराळा राहतो.

म्हणून विकताना एवढं पाळा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, मेसेजमधली लिंक लागत नाही. मेसेज आणि स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, आपलं ॲप स्वतः उघडून शिल्लक बघा. वस्तू न बघता, घासाघीस न करता सांगाल ती किंमत कबूल करणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. शक्यतो समोरासमोर भेटा, आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय कासरा सोडू नका.

तरीही गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. २०२१ मध्ये ही सेवा १५५२६० या नंबरवर सुरू झाली होती, आता १९३० आहे. पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवायची सोय त्यात आहे, म्हणून पहिला तास मोलाचा. त्याच वेळी बँकेला कळवा, तक्रारीचा नंबर लिहून ठेवा, मग पोलीस ठाण्यात जा.

आणि घरातल्यांना एक विनंती. कुणी फसलं तर ‘एवढं कळत नाही का?’ हे वाक्य तोंडातून काढू नका. या वाक्याच्या भीतीने लोक गप्प बसतात आणि तेवढ्यात पैसे पार होतात. आज संध्याकाळी आई-वडिलांजवळ बसा आणि मनीऑर्डरचीच आठवण काढून सांगा, की आता सही देणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नाही.

तुमच्या गावात असा प्रकार झाला असेल तर कमेंटमध्ये कसं घडलं ते लिहा. नावं नकोत, युक्ती लिहा. दुसरा कुणी वाचेल.