शब्दवेध : बटाटा

कर्जत स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून इंजिनं जोडेपर्यंत वडा खाऊन होतो. त्यातला ‘बटाटा’ मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांचा ‘बटाटा’ म्हणजे आपलं रताळं! स्पॅनिशांनी शब्द उचलला, पोर्तुगिजांनी इकडे आणला. चौल-रेवदंडा तेव्हा त्यांचं बंदर. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादीही स्पेनच्या राजांकडे होती. म्हणजे रायगडातलं हे बंदर साठ वर्षं स्पेनच्या छत्राखाली. कारभार पोर्तुगीजच राहिला, हे खरं. चौलला उतरलेला माल खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाई. १७४० साली मराठ्यांनी रेवदंडा घेतला. फिरंगी गेले, शब्द राहिला. हिंदीनं ‘आलू’ धरला. मराठी, कोकणी, गुजराती अजून बटाट्यावरच ठाम आहेत.