पाताते आल फोर्नो

पाताते आल फोर्नो हा ऑलिव्ह तेल, लसूण आणि रोझमेरी लावून ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचा इटालियन पदार्थ आहे. इटालियन भाषेत या नावाचा अर्थ 'भट्टीतील बटाटे' असा होतो. इटलीत मुख्य पदार्थासोबत वाढल्या जाणाऱ्या भाजीच्या तोंडीलावण्यास 'कोंतोर्नो' म्हणतात. हा पदार्थ त्या प्रकारात मोडतो. भाजलेली कोंबडी, मासे किंवा कोकराचे मांस यांसोबत तो वाढला जातो.

इतिहास

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील आहे. १६व्या शतकाच्या उत्तरार्धात तो स्पेनमार्गे युरोपात पोहोचला. मात्र इटलीत रोजचे अन्न म्हणून रूढ होण्यास त्याला सुमारे दोन शतके लागली. इटालियन 'पाताता' आणि पोर्तुगीजमधून मराठीत आलेला 'बटाटा' या दोन्ही शब्दांचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो भाषेतील रताळ्याच्या नावात आहे. रोझमेरी ही मात्र भूमध्य सागरी प्रदेशातीलच, तुळशीच्या कुळातील सुगंधी वनस्पती आहे.

साहित्य व कृती

चार ते पाच जणांसाठी १ किलो बटाटे, ३ ते ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, लसणाच्या ४-५ पाकळ्या, रोझमेरीच्या २-३ काड्या, मीठ व मिरपूड घेतात. बटाटे सोलून त्यांच्या साधारण ३ सेंटिमीटरच्या फोडी करतात. त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात ५ ते ७ मिनिटे अर्धवट शिजवून निथळतात आणि वाफ जाऊ देतात. नंतर सर्व साहित्य लावून फोडी पसरट थाळ्यात एका थरात मांडतात. २०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या ओव्हनमध्ये त्या ४० ते ५० मिनिटे भाजतात व मधूनमधून उलटतात. काही घरांत फोडी न उकडता केवळ पाण्यात भिजवून, कोरड्या करून भाजतात.

कुरकुरीतपणाची कारणे

पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. तांबूस रंग व खमंग चव देणारी मेलार्ड अभिक्रिया साधारण १४० अंशांपासून वेग घेते. म्हणून फोडी कोरड्या करणे आवश्यक असते. थाळ्यात दाटी झाल्यास वाफ कोंडते आणि बटाटे भाजण्याऐवजी वाफवले जातात. अर्धवट उकडल्याने कडा खडबडीत होतात व त्यांवर पिष्टाचा थर येतो. तोच पुढे कुरकुरीत होतो.

रोझमेरीची पाने जाड व चिवट असल्याने ती उष्णता सहन करतात आणि त्यांचा सुगंध तेलात उतरतो. तरीही ती करपू नयेत म्हणून अनेकदा शेवटच्या १५-२० मिनिटांत घालतात. लसूण सालीसकट ठेवल्यास करपून कडू होत नाही. पार्सलीसारखी कोवळी पाने भाजून झाल्यावरच वरून घालतात.

आरोग्यविषयक बाबी

पिष्टयुक्त पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानास भाजल्यास किंवा तळल्यास त्यांत ॲक्रिलामाइड हे रसायन तयार होते, हे २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधनातून पुढे आले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याचे वर्गीकरण 'मानवात संभाव्यतः कर्करोगकारक' असे केले होते. रंग जितका गडद, तितके त्याचे प्रमाण सहसा अधिक असते. त्यामुळे बटाटे गडद तपकिरी न करता सोनेरी रंगावर काढावेत, अशी शिफारस केली जाते.