दत्तकसंतती-अभ्यास

दत्तकसंतती-अभ्यास : मनोविकार व व्यसनाधीनता यांकडील कलाचा किती अंश रक्तातून येतो आणि किती संगोपनातून, याचा निवाडा करण्यासाठी, जन्मदात्यांपासून तान्हेपणीच दुरावून परक्या घरी वाढलेल्या व्यक्तींच्या आयुष्याचा मागोवा घेणारी संशोधनपद्धती. ‘खाण तशी माती’ ही लोकसमजूत जुनीच. परंतु मद्यपी पित्याचा मुलगा त्याच्याच घरात, त्याच्याच मारझोडीत आणि कर्जबाजारीपणात वाढत असल्यामुळे, त्याच्या हाती आलेला पेला वारशाचा की सहवासाचा, हे नुसत्या वंशावळीवरून ठरविता येत नव्हते. जुळ्यांच्या अभ्यासांनी पुष्कळ प्रकाश टाकला, पण जुळी भावंडेही बहुधा एकाच छपराखाली वाढत असल्याने तो दाखला निर्णायक मानता येईना.

लेनर्ड हेस्टन यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मनोरुग्णालयांत असलेल्या छिन्नमनस्क (स्किझोफ्रेनियाग्रस्त) स्त्रियांची, जन्मानंतर अवघ्या काही दिवसांत आईपासून वेगळी झालेली ४७ अपत्ये प्रौढपणी तपासली गेली; त्यांपैकी ५ जणांना तोच विकार जडलेला आढळला, तर तुलनेसाठी घेतलेल्या ५० जणांत एकालाही नाही. संख्या तोकडी खरी. तथापि मनोविश्लेषणवादी मंडळी या विकाराचे खापर त्या काळी सर्रास आईच्या वागणुकीवर फोडीत असत, आणि जी आई मूल वाढवायला हजरच नव्हती तिच्यावर ते फोडणार कसे?

याहून भक्कम पुरावा डेन्मार्कच्या सरकारी दप्तरांतून निघाला. १९२४ ते १९४७ या काळात कोपनहेगन परिसरात दत्तक गेलेल्या सुमारे साडेपाच हजार मुलांच्या नोंदी तेथे शाबूत होत्या, जन्मदात्यांच्या नावांसह. रुग्णालयांच्या नोंदवह्यांशी त्या ताडून पाहता येत होत्या. सीमूर केटी व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६८ पासून असे दिसत गेले, की छिन्नमनस्कता व तत्सदृश विकार रुग्णाच्या रक्ताच्या नातलगांत अधिक आढळतात, पालनकर्त्यांच्या कुटुंबात नव्हे. त्याच देशात डोनाल्ड गुडविन यांनी १९७३ साली मद्यासक्तांचे दत्तक गेलेले ५५ पुत्र तपासले. त्यांतील १८ टक्के मद्यासक्त निघाले, तर इतर दत्तकपुत्रांत हेच प्रमाण ५ टक्के होते. कन्यांच्या बाबतीत मात्र असा ठळक फरक आढळला नाही, ही गोष्ट या निष्कर्षाचा उदोउदो करताना हमखास गाळली जाते.

आक्षेपही घेतले गेले, आणि ते अगदीच पोकळ नव्हते : केटींनी ‘तत्सदृश’ या सदरात फार सैलपणे माणसे घातली, दत्तकगृहे यदृच्छेने निवडली जात नसत, आणि गर्भातील नऊ महिने तर जन्मदात्रीपाशीच जातात. शिवाय जर्मनीच्या १९३३ च्या सक्तीच्या निर्बीजीकरण कायद्याच्या यादीत छिन्नमनस्कतेबरोबर तीव्र मद्यासक्तीही असल्यामुळे, आनुवंशिकतेचे नाव काढताच अनेकांचे कान टवकारत, ते योग्यच होते. फिनलंडमधील पेक्का टिएनारी यांच्या दीर्घ अभ्यासाने हा वाद अधिक समंजस वाटेवर आणला : छिन्नमनस्क मातांची दत्तक गेलेली मुले कलहग्रस्त घरी वाढली तेथे विकाराचे प्रमाण चढले, निरोगी घरी वाढली तेथे ते पुष्कळच कमी राहिले. म्हणजे वारशाने येते ती प्रवणता, विकार नव्हे.

आईवडिलांपैकी एकाला छिन्नमनस्कता असल्यास अपत्याचा धोका शेकडा एकावरून सुमारे दहावर जातो, म्हणजे शंभरांतील नव्वद सुटतात; सोयरीक जुळविताना ‘घराण्यात वेड आहे’ या एका शेऱ्यावर स्थळ मोडणाऱ्यांना हे गणित सहसा ठाऊक नसते. अशा विकारांमागे एखादेच जनुक नसून अल्प परिणामाची शेकडो जनुकीय स्थाने आहेत. छिन्नमनस्कतेची २८७ स्थाने २०२२ साली प्रसिद्ध झाली.

मनोविकारतज्ज्ञ आजही केसपेपरवर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात आणि विचारतात : आईकडचे कोणी? एखादे मामा घर सोडून गेले होते? आजोबांचे पिणे किती? उत्तर बहुधा ‘आमच्यात तसले काही नाही’ असेच मिळते, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एखादी मावशी हळूच निघते. ही चौकशी केवळ उपचारापुरती नसते; द्विध्रुवी विकारात जवळच्या नातलगाला लिथियम या औषधाचा गुण आला असल्यास रुग्णालाही तो येण्याचा संभव अधिक असतो.