पुसलेली पाटी

लहानपणी यवतमाळच्या शाळेत आम्ही पाटी दोन तऱ्हांनी पुसत असू. गुरुजींचे लक्ष असले तर ओल्या फडक्याने, आणि नसले तर थुंकी लावून कोपराने. तऱ्हा कोणतीही असो, पाटी उन्हात तिरपी धरली की कालची उजळणी तिच्यावर अंधुक दिसतच असे. गेल्या उन्हाळ्यात दत्त चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात उभा असताना मला त्या पाटीची आठवण झाली.

माझ्या हातात गाणी ऐकण्याचे एक यंत्र होते. काडेपेटीहून थोडे मोठे, खिशात मावणारे. ते अडून बसले होते. कळ दाबली की पडदा उजळे, एक चिन्ह दिसे आणि पुढे काही नाही. दुकानातल्या पोराने ते उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “काका, फॅक्टरी सेटिंग मारा लागते. एकदम कोरं होऊन जाईन.”

कोरे! माझ्या पोटात गोळाच आला. त्या यंत्रात माझ्या आत्याच्या ओव्या होत्या.

आत्या दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहायची. २०११ साली मी तिच्यापुढे हे यंत्र ठेवले तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. घरातले जाते कधीचेच कोपऱ्यात पडलेले. मी म्हटले, तू नुसतीच म्हण. तर म्हणाली, “जातं फिरल्याशिवाय ओवी तोंडात येत नाई बापा!” शेवटी तिने सुनेला हाक मारली, जाते झाडून घेतले, मूठभर जोंधळे घातले आणि मग गळा उघडला. अशा चौदा ओव्या-मालिका मी टिपून घेतल्या. दुसऱ्या वर्षी ती गेली. आणि आम्ही शहाणे लोक! त्या ओव्यांची दुसरी प्रत काढण्याचे काम ‘उद्या’वर ढकलत राहिलो.

पोराकडून यंत्र परत घेतले आणि घरी आलो. भाचा पुढच्या रविवारी नागपूरहून यायचा होता. तोवर मी आवाज पुसण्याचा इतिहास वाचीत बसलो. आवाज साठवण्याचा इतिहास सर्वांना ठाऊक असतो. पुसण्याचा कोणी सांगत नाही.

एडिसनने १८७७ साली पहिला फोनोग्राफ केला तो कथलाच्या पातळ पत्र्यावर. तो पत्रा चार-दोन वेळा वाजवला की आपोआपच पुसला जाई. पुढे १८८८ च्या सुमारास मेणाची नळकांडी आली, आणि त्यांच्याबरोबर आली ती रंधा मारण्याची सोय! कचेरीतल्या साहेबाने पत्र बोलून ठेवायचे, कारकुनाने ते ऐकून उतरवून घ्यायचे, आणि मग नळकांड्यावरचा मेणाचा पापुद्रा तासून ते पुन्हा कोरे करायचे. सुतार फळी तासतो तसे. आजच्या ‘फॅक्टरी सेटिंग’चे खरे पणजोबा हेच. त्या मेणाच्या भुग्यात किती आवाज झाडून टाकले गेले असतील!

बर्लिनरची चपटी तबकडी १८८७ ची. तिच्यावर घरी काही लिहिता येत नसे आणि म्हणून पुसताही येत नसे. १९०२ साली गैसबर्ग साहेब कलकत्त्यास आला आणि गौहर जानचे गाणे त्याने तबकडीवर घेतले. गाणे संपताच बाई इंग्रजीत आपले नाव सांगतात. तो नखरा नव्हता. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत; तिथल्या माणसाला कोणते गाणे कोणाचे हे कळावे म्हणून ती सोय होती.

आमच्या घरी वडिलांनी आणलेली चावीची पेटी होती. हिज मास्टर्स व्हॉइसचे १०२ क्रमांकाचे, १९३१ मध्ये निघालेले, बॅगेसारखे उचलून नेण्याचे मॉडेल. त्या काळचे ते खिशातलेच यंत्र म्हणा ना! ते अडले की वडील वर्तमानपत्र पसरीत, कमानीला तेल-ग्रीस देत, सुई बदलीत. पेटी नव्यासारखी होई आणि तबकडीवरची एकही तान कमी होत नसे. यंत्र वेगळे, आठवण वेगळी. दोन्ही एकाच डबीत कोंबण्याचा शहाणपणा पुढचा.

फितीने पुसणे फारच सोपे केले. जर्मनीत १९३५ साली मॅग्नेटोफोन दाखवला गेला. पुढे अशा यंत्रांत नवा आवाज भरण्यापूर्वी जुना धुऊन काढणारे एक वेगळे ‘डोके’च बसवलेले असे. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली. तिच्या पाठीवरचे दोन बारीक दात मोडून टाकले म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे. आणि आपण काय केले? त्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि भजनांवर सिनेमाची गाणी भरली. पण हसू नका. माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ च्या मोहिमेच्या मूळ फितीदेखील बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे खुद्द नासाने २००९ मध्ये कबूल केले आहे.

त्यानंतरची मंडळी आपल्या ओळखीची आहेत. १९७९ चा वॉकमन, १९९८ मधले कोरियाचे पहिले एमपीथ्री यंत्र, २००१ चा आयपॉड. त्याचेही उत्पादन २०२२ साली थांबले. आमच्या यंत्रातली स्मृती मात्र जपानी आहे. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांची ती कल्पना, १९८४ साली जगापुढे आलेली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव पडले ते कशामुळे? ती साठवते झटपट म्हणून नव्हे. कॅमेऱ्याचा दिवा लखकन चमकावा तशी ती एका झटक्यात पुसली जाते, म्हणून!

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

रविवारी भाचा आला. त्याने मला पहिल्याने शब्दांचा घोळ सोडवून दिला. यंत्र पूर्वस्थितीला नेणे दोन प्रकारचे असते. एकात नुसती भाषा, उजेड, आवाजाची पातळी, असली मांडणी मुळासारखी होते. गाण्यांना धक्का लागत नाही. दुसऱ्यात स्मृतीच नव्याने आखली जाते आणि सगळे जाते. दुकानातला पोर कोणते बोलत होता हे त्यालाही विचारायला हवे होते. शिवाय, भाचा म्हणाला, पुष्कळदा या आखणीत पुस्तकाची अनुक्रमणिका फाडतात. पाने तशीच असतात, त्यांवर नवे काही छापले जाईपर्यंत. मला माझी उन्हात धरलेली पाटी दिसली.

यंत्राची अनुक्रमणिकाच बिघडली होती. त्याने ते तारेने संगणकाला जोडले आणि पाने चाळणारा एक कार्यक्रम चालू केला. दोन तासांनी चौदांपैकी नऊ मालिका हाती आल्या. नावे मात्र गळाली होती, नुसते आकडे. गौहर जानबाईंचा शहाणपणा तेव्हा उमगला. कोणती ओवी कोणती, हे ऐकूनच ठरवावे लागले. भाच्याने त्याच दिवशी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, आणि मगच यंत्र कोरे केले. ते उठले, आणि बोलू लागले चिनी भाषेत!

पाच मालिका गेल्या त्या गेल्याच. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायांच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या आहेत. त्यांत कदाचित आत्याच्या हरवलेल्या ओव्यांच्या बहिणी असतील. आवाज तिचा नसणार.

उरलेल्या नवांतली सहावी मी पुन्हा पुन्हा ऐकतो. जात्याची घरघर चालू आहे. दूरवर मूर्तिजापूरकडची शकुंतला भोंगा देते. ती अरुंद रुळांची गाडीही पुढे बंद पडली. आत्या ओवी अर्ध्यावर सोडते, जाते थांबते, आणि ती मला विचारते, “झालं का बापा तुह्यं? का आणखी म्हणू?”